भांड्यावर नाव घालून मिळेल: अक्षराला ५ रुपये, काना-मात्रा फुकट

आधी कामाचं सांगतो. नाशिकच्या सराफ बाजारातून भांडी बाजारात शिरलात की गर्दीत एका ओट्यावर एक गृहस्थ लाकडी ठोकळा मांडून बसलेले दिसतील. पाटी नाही, फोन नंबर नाही. तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देतात. मशीनने घातलं तर अक्षराला ५ रुपये. जोडाक्षर एकच धरतात, आकड्याला अक्षराचाच दर, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे पैसे नाहीत. गाडी मात्र रविवार कारंज्याच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि चालत जा. बसायला स्टूल नाही. मी दीड तास उभा होतो.

मी ३८ वर्षं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये काढली. १९२५ पासूनचा हा प्रेस. देशाची टपाल तिकिटं इथे छापली जातात. माझं काम तपासणीचं होतं. एकेक ताव डोळ्यांखालून घालायचा, शाई फाकली का, दाते नीट पडले का बघायचं आणि मोजायचं. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी मोजणं सुटलेलं नाही. जिना मोजतो, पोळ्या मोजतो. रात्री झोपताना फुलपात्राने पाणी पितो ते ११ घोट. बारावा घोट घेतला तर झोप लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी आता त्यावर बोलत नाही.

यंदा आम्ही दोघांनी ठरवलं की माळ्यावरची भांडी मुलांना वाटून टाकायची. आपण असताना वाटली तर कुठलं कुठून आलं ते सांगता तरी येतं. हिचं म्हणणं होतं, "अहो, त्यावर मुलांची नावं घालून घ्या, म्हणजे पुढे भांडणं नकोत." मला ते पटेना. नाव कशाला? डबा थोरल्याचा आहे हे थोरल्याला माहीत असणारच. त्याच्या मुलीला माहीत नसेल ते त्या डब्याचं. मग मी एका कागदावर प्रत्येक भांड्याची एकेक गोष्ट लिहिली, अक्षरं मोजली, आणि पिशव्या घेऊन निघालो.

पितळी डब्यावर घातलं: "यातले पोहे पुरात कोरडे राहिले १९६९". अठरा अक्षरं, ९० रुपये.

त्या वर्षीच्या महापुराच्या वेळी मी ११ वर्षांचा होतो. आमचा वाडा गंगेच्या उतारावर. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) गंगेवरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर इथे पूर मोजतात. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता. आम्ही शेजारच्या उंच वाड्याच्या गच्चीवर गेलो. पाणी उतरल्यावर वडील खाली गेले, तर माजघरात कमरेएवढा गाळ आणि त्या गाळावर, दाराला टेकून, हा डबा. झाकण इतकं घट्ट की डबा घरातल्या घरात तरंगत राहिला होता. आईने ते झाकण उलथन्याने उचकटलं. आत पोहे, कोरडे ठाक. तेल नव्हतं, मीठ-तिखट शेजाऱ्यांनी दिलं, आणि गच्चीवर तीन कुटुंबांनी ते पोहे खाल्ले. ती चव मी आजही सांगू शकतो. पोह्यांना पितळेचा वास होता.

घंगाळावर घातलं: "रहाडीचा रंग यातच निघाला". बारा अक्षरं. आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. जुन्या नाशकात चौकाचौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, त्या रहाडी. एरवी त्या बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात आणि लोक धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पहिला धप्पा मारून घरी आलो तेव्हा आईने मला याच घंगाळात बसवून घासलं होतं. कानामागचा पिवळा रंग तरी तीन दिवस राहिला.

फुलपात्रावर घातलं: "रोज रात्री ११ घोट मोजून". घातल्यावर मोजलं तर अक्षरंही अकराच. मी ते त्या गृहस्थांना दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं आणि मान डोलावली. हा माणूस मला आवडला.

आता त्यांच्या कामाबद्दल. मशीन म्हणजे जाड पेनासारखं, विजेवर थरथरणारं. बहुतेक जण हात उचलत नाहीत, त्यामुळे अक्षरं एकमेकांत गुंततात. हे प्रत्येक अक्षराला हात उचलतात. आधी भांडं कापडाने पुसतात, खडूने बारीक रेघ आखतात, मग मजकूर तुम्हाला मोठ्याने वाचायला लावतात. हे वाचायला लावणं फार महत्त्वाचं. मुलीच्या लग्नात एका दुकानातून ५१ भांडी घेतली होती, नावं त्यांनीच फुकट घालून दिली. त्यातल्या १४ भांड्यांवर रफार भलत्याच अक्षरावर होता. मला मांडवात त्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं.

एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कल्हई करायची असेल तर आधी कल्हई, मग बाहेरून पॉलिश, आणि नाव सगळ्यात शेवटी. भट्टीवर भांडं बाहेरून काळवंडतं, आणि पॉलिशच्या चाकावर मशीनची उथळ अक्षरं झिजून जातात. माझं घंगाळ त्यांनी याच कारणाने पहिल्या दिवशी परत पाठवलं. मला दुसरी खेप पडली, पण ९० टक्के लोकांनी पैसे घेऊन काम उरकलं असतं.

राहिला तांब्या. तो कोणाला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही. तो आजीच्या लग्नातला. त्यावर नाव जुन्या पद्धतीने, टोच्यावर हातोडी मारून, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं आहे: "सौ. गोदवरी". आजीचं नाव गोदावरी. काना घालायचा राहिला. आजीला वाचता येत नव्हतं, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. मी दुसरीत असताना ते वाचलं आणि ओरडून सांगितलं. आयुष्यात पकडलेली माझी ती पहिली छपाईची चूक. आजी भांडी घासत होती. तिने राखेचा हात पदराला पुसला, माझं बोट धरलं आणि विचारलं, "कुठं नाही म्हणतोस?" मी द आणि व यांच्या मधली जागा दाखवली. तिने तिथे अंगठा दाबून बघितला. पुढे कितीतरी वेळा, तांब्या घासताना तिचा अंगठा त्या जागेवर जाऊन थांबायचा. मी बघायचो.

मी त्या गृहस्थांना तांब्या दाखवला. म्हणालो, मशीन नको, जुन्या ठिपक्यांच्या शेजारी ते वेगळं दिसेल. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ बघितलं. जागा तांदळाच्या दाण्याएवढी. म्हणाले, "काका, हा टोचा माझ्या वडिलांकडे होता तसला लागेल. उद्या या." दुसऱ्या दिवशी गेलो तर टोचा घासून तयार होता. तांब्याच्या आत त्यांनी ओल्या वाळूची पुरचुंडी दाबून बसवली, पत्रा आत जाऊ नये म्हणून. मग बोटभर हातोडीने एकेक ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये तांब्या उजेडाला धरून बघायचे. वरची रेघ जुळवली, मग खाली उतरले.

किती द्यायचे विचारलं. डबा, घंगाळ, फुलपात्र मिळून २०५ रुपये झाले होते, ते मी घरूनच मोजून आणले होते. "तेवढेच," ते म्हणाले. "काल सांगितलं ना, कान्याचे पैसे नाहीत."

मी तिथेच उभ्याउभ्या त्या जागेवरून अंगठा फिरवला. पाच ठिपके लागले.