तणनाशकाच्या अवशेषांची तपासणी: एका प्रयोगशाळेच्या सेवेचा अनुभव

घरातल्या ६ वर्षांच्या मुलीच्या न्याहारीत रोज ओट्स असतात, आठवड्यातून तीन-चार वेळा मसूर शिजतो आणि पोळीच्या कणकेत मी गेली काही वर्षे गव्हाचा कोंडा मिसळत आले आहे. या तिन्ही पदार्थांत ग्लायफोसेट या तणनाशकाचे अवशेष राहू शकतात, हे वाचल्यापासून मन स्वस्थ नव्हते. म्हणून सर्वसामान्य ग्राहकांचेही नमुने स्वीकारणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेकडून मी हे तिन्ही पदार्थ तपासून घेतले. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण जी त्रुटी मला आढळली ती एकाच प्रयोगशाळेपुरती असेल असे मला वाटत नाही.

नमुना पाठवण्याची व्यवस्था चांगली होती. प्रत्येक पदार्थ अर्धा किलो, न उघडलेल्या मूळ पाकिटात, वर तुकडी क्रमांक स्पष्ट दिसेल अशा रीतीने पाठवायचा होता. पोहोच त्याच दिवशी मिळाली आणि अहवालही सांगितलेल्या मुदतीत आला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की, ५०० हून अधिक कीडनाशकांची तपासणी केली असून एकाचाही अवशेष आढळला नाही. मला अतिशय हायसे वाटले आणि तो कागद मी फाइलमध्ये लावूनही टाकला.

दोन दिवसांनी सहज म्हणून अहवालाला जोडलेली यादी वाचायला घेतली. नावे इंग्रजी वर्णक्रमाने होती. फॉस्थायाझेटच्या खाली थेट हेप्टाक्लोर होते आणि या दोहोंच्या मध्ये जिथे ग्लायफोसेट असायला हवे होते तिथे काहीच नव्हते. मी यादी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचली. ज्या एका रसायनासाठी मी हा सारा खटाटोप केला होता, ते तपासलेच गेले नव्हते.

दूरध्वनी केल्यावर तेथील रसायनतज्ज्ञ बाईंनी जे समजावून सांगितले, ते ऐकून मला या सेवेची किंमतही कळली आणि तिची उणीवही. शेकडो कीडनाशके एकाच वेळी शोधण्याची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यात दळलेला नमुना पाणी आणि ॲसिटोनायट्राइल यांत घुसळतात, क्षार घालून दोन थर वेगळे करतात आणि वरचा सेंद्रिय द्रावकाचा थर यंत्रात तपासतात. बहुतेक कीडनाशके त्या थरात उतरतात. ग्लायफोसेट मात्र पाण्यात इतके सहज विरघळते की ते खालच्या पाण्याच्या थरातच राहते आणि तो थर तपासलाच जात नाही. त्यासाठी नमुन्यातील अर्क आम्लयुक्त मिथेनॉलने काढण्याची स्वतंत्र पद्धत वापरावी लागते. युरोपीय संघाच्या श्टुटगार्ट येथील संदर्भ प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘क्यूपे’ (QuPPe) ही पद्धत यासाठीच आहे. म्हणजे ५०० नावांच्या यादीतही जगात सर्वाधिक वापरले जाणारे तणनाशक नसू शकते, आणि तसे नसल्याचे अहवालाच्या पहिल्या पानावर कुठेही लिहिलेले नसते. मागणीपत्रात मी ‘तणनाशकांच्या अवशेषांसाठी’ असे स्पष्ट शब्दांत नमूद केले होते. तेव्हाच कोणीतरी मला हे सांगायला हवे होते. या सेवेविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

दुसऱ्यांदा स्वतंत्र शुल्क भरून ग्लायफोसेट आणि मातीत त्याचे विघटन होताना तयार होणारे एएमपीए, या दोहोंची तपासणी करून घेतली. ओट्समध्ये किलोमागे ०.२८ मिलिग्रॅम ग्लायफोसेट निघाले. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या ओट्सचा एक नमुना मी या वेळी जोडीला पाठवला होता, त्यात ते मोजता येण्याइतके नव्हते. कोंड्यातही अवशेष सापडला. गव्हातील अवशेष पांढऱ्या पिठापेक्षा कोंड्यात अधिक राहतो, हे बाईंनी आधीच सांगितले असल्याने त्याचे आश्चर्य वाटले नाही, पण कणकेत पौष्टिक म्हणून मी जे घालत होते त्याचा विचार मात्र नव्याने करावा लागला.

हे अवशेष धान्यात येतात कसे, हे समजून घेतल्याशिवाय अहवालातील आकड्याला अर्थ नाही. पेरणीपूर्वी तण मारण्यासाठी केलेल्या फवारणीचा अंश कापणीपर्यंत दाण्यात फारसा उरत नाही. थंड आणि दमट हवामानाच्या प्रदेशांत मात्र ओट्स, गहू, मसूर, हरभरा, वाटाणा ही पिके एकसारखी वाळत नाहीत, म्हणून कापणीच्या आठ-पंधरा दिवस आधी उभ्या पिकावरच ग्लायफोसेट फवारण्याची रीत तेथे पडली. हे रसायन आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानावर पडले की झाडाच्या आत सर्वत्र पोहोचते, आणि त्या वेळी दाणा पूर्ण पक्व झालेला नसेल तर त्यातही उतरते. त्यामुळे दाणे कितीही स्वच्छ धुतले तरी आत गेलेला अंश निघत नाही, आणि शिजवण्याच्या उष्णतेनेही तो मोडत नाही. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्लायफोसेटला आणखी १० वर्षांची परवानगी देताना पीक वाळवण्यासाठी त्याचा वापर करण्यास मनाई केली, हे माझ्या दृष्टीने त्या निर्णयातील सर्वांत मोलाचे कलम आहे.

आता ०.२८ या आकड्याकडे वळते, कारण तो हातात पडल्यावर पुढे काय करायचे याविषयी अहवालात एक ओळही नव्हती. फक्त ‘मर्यादेच्या आत’ असा शिक्का होता. ही मर्यादा कोणती, तर युरोपीय संघात ओट्ससाठी किलोमागे २० मिलिग्रॅम आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या तक्त्यात तृणधान्यांसाठी ३०. मात्र अशा मर्यादा, योग्य रीतीने फवारणी केल्यास धान्यात जास्तीत जास्त किती अवशेष राहील यावरून ठरतात. खाणाऱ्याने किती खाल्ले तर चालेल, याचे माप वेगळे असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.५ मिलिग्रॅम इतके ठरवले आहे. २० किलो वजनाच्या मुलासाठी ते १० मिलिग्रॅम होते, आणि माझ्या अहवालाप्रमाणे ४० ग्रॅम ओट्सच्या वाटीतून ०.०११ मिलिग्रॅम पोटात जाते, म्हणजे मर्यादेच्या सुमारे ९०० पट कमी. दुसरीकडे, अमेरिकेतील ‘एन्व्हायरन्मेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने २०१८ मध्ये ओट्सच्या पदार्थांची तपासणी केली, तेव्हा मुलांसाठी दिवसाला केवळ ०.०१ मिलिग्रॅम ही पातळी धरली होती; कॅलिफोर्निया राज्याच्या १.१ मिलिग्रॅम या मापावर तिने सुमारे १०० पटींची जादा खबरदारी घेतली होती. त्या मापाने पाहिले तर तीच वाटी मर्यादेच्या किंचित वर जाते.

एकच आकडा एका मापाने नगण्य आणि दुसऱ्या मापाने जास्त ठरावा, यामागे शास्त्रीय मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या २-अ गटात टाकले. त्याच वर्षी युरोपीय प्राधिकरणाने ते मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता कमी आहे असे म्हटले, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटाने आहारातून कर्करोगाचा धोका असण्याची शक्यता कमी आहे असे म्हटले. पहिल्या संस्थेने रसायनात धोका निर्माण करण्याची क्षमता आहे का हे पाहिले, तर संयुक्त गटाने ताटातील प्रमाणात तो धोका प्रत्यक्षात उरतो का हे पाहिले. आईच्या मनाला यातून पूर्ण समाधान मिळत नाही, पण निदान प्रश्न नेमका कुठे आहे ते कळते. मी भयभीत होऊन ओट्स फेकून दिले नाहीत. रोजच्या खाण्यातले मात्र सेंद्रिय घेऊ लागले आणि कोंडा निम्मा केला.

सेवेकडे परत येते. मसुराच्या अहवालात ‘आढळले नाही’ असे होते, परंतु मोजमापाची खालची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम होती. म्हणजे त्याखालचा अंश असला तरी तो अहवालात दिसणार नव्हता. युरोपात तान्ह्या मुलांच्या आहारासाठी कीडनाशकांच्या अवशेषांची सर्वसाधारण मर्यादाच ०.०१ आहे, बाळाच्या खाण्यासाठी कोणी मसूर तपासायला पाठवला, तर त्या पालकांना दहापट ढोबळ मोजपट्टीचे उत्तर मिळेल. ही मर्यादा अहवालाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत दिली होती, ती निकालाच्या शेजारीच ठळक छापली पाहिजे.

तपासणीचा दर्जा, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शांतपणे दिलेले उत्तर आणि वेळेचा काटेकोरपणा यांसाठी या प्रयोगशाळेला मी ५ पैकी ३ गुण देते. उरलेले दोन गुण त्या पहिल्या कागदापायी गेले, कारण मी फाइल पुन्हा उघडली नसती तर आजही तो कागद दाखवून इतरांना निर्धास्त केले असते. मसुराचा नवा नमुना पुढच्या आठवड्यात पाठवणार आहे. बाईंनी ०.०१ पर्यंत मोजण्याची तयारी दाखवली आहे, आणि मागणीपत्राच्या रकान्यात या वेळी मी ‘ग्लायफोसेट व एएमपीए, स्वतंत्र पद्धतीने’ असे लिहून त्याखाली त्यांची सही मागितली आहे.