जुन्या गाडीचा उजेड वाढवायचाय: एलईडी बल्ब की हॅलोजनला रिले?

गाडी आठ-दहा वर्षांची झाली आणि रात्री रस्ता नीट दिसेनासा झाला की दोन सल्ले मिळतात. ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात तर एलईडी बल्ब टाका म्हणतात. मुरलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर तो हॅलोजनच, म्हणजे तारेचा पिवळसर उजेडाचा बल्बच ठेवून आधी रिले टाकू म्हणतो. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मी हे दोन्ही करून बघितलंय, एकाच गाडीत आणि एकाच रस्त्यावर. गाडी 2013 ची छोटी हॅचबॅक, हेडलाइटला साधा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत आरसा, आणि एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब. रस्ता कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर, आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडचं आमचं गाव. महिन्यातून एकदा तरी शनिवारी काम आटोपून निघतो, त्यामुळे घाट बहुतेक वेळा अंधारातच लागतो.

पहिल्यांदा मी एलईडीच टाकले. अडीच हजारांत जोडी मिळाली, अर्ध्या तासात काम झालं, वायर कापावी लागली नाही. पहिल्या रात्री मी मनापासून खूश होतो. गाडीसमोरचे वीस-पंचवीस मीटर लख्ख दिसत होते, रस्त्याच्या पाट्या आणि कडेचे रिफ्लेक्टर लांबूनच चमकत होते. हे कबूल करायलाच हवं, कारण या बल्बांची शिफारस करणारे खोटं बोलत नाहीत. कोरड्या रस्त्यावर, गावातल्या गावात, त्यांचा उजेड डोळ्याला जास्त वाटतो.

पण बांबवड्याच्या पुढे दुपदरी रस्ता लागला आणि समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारायला, म्हणजे दिवे लुकलुकवून इशारा द्यायला लागला. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच होतो. तरी ट्रकवाले मारायचे, एसटीवाले मारायचे, जवळ आल्यावर अप्पर, म्हणजे वरचा झोत टाकून निघून जायचे. त्या अप्परनं मग मलाच चार-पाच सेकंद काही दिसायचं नाही. पहिल्या फेरीत वाटलं, लोकांना सवय नसेल. दुसऱ्या फेरीत घाटात एका वळणावर समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत होते. त्यानं एक हात डोळ्यांवर धरला आणि गाडी गटाराच्या बाजूला ओढली. पडले नाहीत, पण ती बाई मागच्या सीटवर जशी घट्ट धरून बसली होती ते मला घरी पोचेपर्यंत दिसत राहिलं. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला होता, बाकीची कारणं नंतर जमत गेली.

असं का होतं, ते इलेक्ट्रिशियननं जुना बल्ब हातात देऊन दाखवलं. एच-4 मध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो. आपण डावीकडून चालतो म्हणून झोताची वरची कड डावीकडे थोडी चढती असते, उजवीकडे मात्र सपाट आणि खाली. सगळा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप बसवलेल्या असतात. चांगल्या बल्बमध्ये जागा आणि वाटी बरीचशी जुळवलेली असते, पण पट्टीला जाडी असतेच. थोडा उजेड कडेच्या वर सांडतो, आणि तोच समोरच्याच्या डोळ्यात जातो. मी स्क्रू फिरवून झोत खाली घेऊन पाहिला. डिपर मारणं कमी झालं, पण मग मलाच लांबचं दिसेना. म्हणजे पैसे ज्यासाठी घातले तेच गेलं.

मग पाऊस आला. जूनच्या शेवटी आंब्याच्या माथ्यावर धुकं आणि भुरभुर असते, ते तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको. ओल्या काळ्या डांबरावर पांढरा उजेड कुठे जिरतो ते कळत नाही, आणि धुक्यात समोर पांढरा पडदा उभा राहतो. लोक म्हणतात हा रंगाचा दोष, पिवळा उजेड धुक्यात चालतो. मला वाटतं रंगापेक्षा तो कडेच्या वर सांडलेला उजेडच जास्त जबाबदार असावा, धुक्याच्या थेंबांवरून तो थेट आपल्याकडे परत येतो. मी काही मापून पाहिलेलं नाही. माझं वय बावन्न आहे, तरुण डोळ्यांना कदाचित इतका फरक जाणवणार नाही.

आणखी एक बारीक त्रास. एलईडीच्या मागे पंखा असतो, त्यामुळे हेडलाइटमागचं रबर नीट बसत नाही. आमच्याकडे ते कापून बसवलं होतं. ऑगस्टपर्यंत डाव्या काचेत आतून बाष्प धरलं. हॅलोजनच्या गरमीनं काचेतला थोडाफार ओलावा सुकून जातो, एलईडी आपली उष्णता मागे टाकतो, त्यामुळे काच थंडच राहते.

सप्टेंबरात एलईडी काढले आणि रिलेचं वायरिंग टाकलं. तत्त्व साधं आहे. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून येतो. दोन साध्या बल्बांना मिळून दहा अँपिअरच्या आसपास लागतात. वर्षानुवर्षं ते वाहून स्विचचे पॉइंट झिजतात, जोड गंजतात, बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिले टाकल्यावर स्विच फक्त इशारा देतो, करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड वायरनं थेट बल्बला जातो. माझ्या गाडीत होल्डरवर मीटर लावून पाहिलं तेव्हा बॅटरीपेक्षा जवळजवळ दोन व्होल्ट कमी होते. म्हणजे मी इतकी वर्षं निम्म्याहून थोड्याच जास्त उजेडात घाट उतरत होतो.

दोन रिले, फ्यूज, सिरॅमिक होल्डर, नवीन अर्थिंग आणि चांगल्या कंपनीचे साधे 60/55 वॅटचे बल्ब, मजुरीसकट दोन हजारांच्या आत झालं. उजेड पिवळसरच आहे. एलईडीनंतर पहिल्या रात्री तो थोडा कमी वाटला, हे खरं. पण घाटात वळणाची डावी कड लांबवर दिसायला लागली, आणि मलकापूर ते साखरपा कोणी डिपर मारला नाही.

रिलेच्या बाजूनंही तक्रारी आहेत. हॅलोजन उडतो, माझा दीड वर्षात एक उडाला. जादा बल्ब गाडीत ठेवावा लागतो आणि बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथे काच तापून बल्ब लवकर जातो. रिले पावसाचं पाणी येणार नाही अशा जागी, तोंड खाली करून लावून घ्यावे लागतात. आणि काम करणारा माणूस जाणता हवा. अर्धवट वायरिंगपेक्षा न केलेलं बरं. रिले टाकलाय म्हणून 100/90 वॅटचे बल्ब घालायचा मोह टाळा, रिफ्लेक्टरची चांदी जळते आणि समोरच्याला त्रास तोच. कंपनीनं दिलेल्या रचनेत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहेच. बाहेरचे एलईडी बल्ब घेताना ते डोक्यात ठेवा. साध्या वॅटचे बल्ब आणि रिले यांत मला तशी धास्ती वाटली नाही.

दोन्हींपैकी काही करण्याआधी काच बघा. प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी पडली असेल तर आत काहीही लावा, उपयोग नाही. हजार आणि दोन हजार नंबरचा पाण्याचा पेपर, मग पॉलिश, वरून यूव्ही कोटिंग, इतकं पुष्कळ झालं. कोटिंग टाळलंत तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

पार्किंग आणि नंबर प्लेटच्या दिव्यांना एलईडी मीही ठेवलेत, तिथे तक्रार नाही. इंडिकेटरला लावले तर फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, करंट कमी वाटतो आणि तो बल्ब उडाल्यासारखा भराभर टिकटिकायला लागतो.

तुमचं फिरणं पुणे-मुंबईच्या दिव्यांच्या रस्त्यांवरच असेल, किंवा तुमच्या गाडीत प्रोजेक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेला हेडलाइट असेल, तर एलईडी तुम्हाला कदाचित माझ्यासारखा छळणार नाही. प्रोजेक्टरमध्ये उजेड कापायला वेगळा पडदा असतो. रिफ्लेक्टरवाल्या गाडीला एलईडी घ्यायचाच असेल तर चिप डावी-उजवीकडे तोंड करून बसल्यात ना आणि रबर न कापता बसतं ना, हे बघा. मग गाडी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर लावा. बऱ्याच गाड्यांत डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली पडायला हवी, आणि ती कड रेघेसारखी दिसायला हवी. धूसर दिसली तर पैसे परत मागा.

ही भिंतीची तपासणी हॅलोजनलाही लागू आहे. मी ती गणपतीला निघायच्या आदल्या रात्री सोसायटीच्या कंपाउंडवर करतो. डिकी भरली आणि मागे तिघं बसली की गाडीचं नाक वर येतं. तेव्हा डॅशबोर्डवरचा लेव्हलचा नॉब शून्यावरून दोनवर नेतो आणि मगच बाहेर पडतो.