जुन्या लॅपटॉपवर रीपर: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवा लॅपटॉप घ्यायचा विचार सध्या लांबणीवर टाकला आहे. याचं श्रेय रीपर या ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला, त्यातही त्याच्या परफॉर्मन्स मीटर नावाच्या एका रुक्ष दिसणाऱ्या खिडकीला (कंट्रोल-ऑल्ट-पी दाबलं की उघडते).

माझ्याकडे जुना आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा). काम घरगुती: भावगीतं, अभंग, गणपतीच्या आधी आरत्यांची गडबड. आवाज, तबला, पेटी खरी. तानपुरा, स्ट्रिंग्ज, बेस सॉफ्टवेअरमधले.

आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कोडं सुटत नव्हतं. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्क्यांच्या आसपास दाखवायचा आणि हेडफोनमध्ये मात्र कडकड सुरू. खरी गोष्ट अशी की इथे एकूण ताकदीपेक्षा मुदत महत्त्वाची. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे ध्वनीचे नमुने) १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, ठेवला तर ध्वनीचा प्रत्येक तुकडा साधारण २.७ मिलिसेकंदांत तयार व्हावा लागतो. एका ट्रॅकवरचे प्लगइन (इफेक्ट आणि वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) एकामागून एक चालतात, त्यामुळे ती साखळी एकाच कोअरच्या गळ्यात पडते. बाकीचे कोअर रिकामे बसले तरी त्यांचा उपयोग नाही. मीटरमधला ‘आरटी सीपीयू’ हा आकडा नेमका हाच ताण दाखवतो, आणि खाली ट्रॅकवार यादी येते: कोण किती खातो.

मला स्ट्रिंग्जचा संशय होता. यादीत वर निघाले मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिनिअर फेज इक्वलायझर आणि चार ट्रॅकवर वेगवेगळे लावलेले कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (घुमारा देणारे इफेक्ट), दोन्ही प्रोसेसरला जड. रिव्हर्ब एकाच ट्रॅकवर ठेवून बाकी ट्रॅकच्या आवाजाचा थोडा भाग (सेंड) तिथे वळवला, इक्वलायझर शेवटच्या मिक्सपर्यंत बंद केला. तानपुरा तर गाणंभर एकच चालतो, तो दर वेळी नव्याने छेडत बसायचं कारणच नाही, सरळ फ्रीझ, म्हणजे त्याचा आवाज एकदाच तयार करून साध्या ध्वनिफितीसारखा ठेवायचा. फ्रीझ केल्यावर त्या ट्रॅकचं वाद्य मेमरीतूनही उतरतं, ही ८ जीबीवाल्यांसाठी खरी चैन आहे.

रीपर हलकं चालतं याची ख्याती ‘अँटिसिपेटिव्ह एफएक्स’मुळे आहे. पुढच्या थोड्या भागावरचे (मूळ सेटिंगमध्ये २०० मिलिसेकंद) इफेक्ट ते आधीच करून ठेवतं. पण रेकॉर्डला लावलेल्या ट्रॅकवर ही सोय चालत नाही, कारण गायिकेने अजून न गायलेला सूर आधी कुठून आणणार? म्हणून प्लेबॅक लोण्यासारखा, आणि ट्रॅक रेकॉर्डला लावला की कडकड, असं होऊ शकतं. हा रीपरचा दोष नाही, पण स्तुती करणारे हे सांगत नाहीत.

मग बफर वाढवावा, तर लेटन्सी, म्हणजे आवाज हेडफोनमध्ये पोहोचायला होणारा उशीर, वाढते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे साथीदार जवळजवळ साडेतीन मीटरवर बसल्यासारखं. गाणारे हे चालवून घेतात, तबलजी नाही. त्यांना चाटेचा आवाज हातातूनही ऐकू येतो आणि हेडफोनमधूनही, मग ते एका कानावरचा हेडफोन सरकवतात आणि हेडफोनमधला क्लिक (लयीचा टिकटिक आवाज) माइकमध्ये शिरतो. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकातून न फिरता थेट हेडफोनमध्ये) वापरून बफर ५१२ वर नेला, प्रश्न मिटला. गायिकेला मात्र कोरडा, म्हणजे रिव्हर्बशिवायचा, आवाज नको असतो. तिच्यासाठी कोरडा सूर इंटरफेसमधून थेट, आणि रीपरमधून फक्त रिव्हर्ब, मूळ आवाज पूर्ण बंद करून. रिव्हर्ब किंचित उशिरा आला तर कुणाला कळतही नाही.

विंडोजची कामं नेहमीचीच: पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, चार्जर लावलेला, रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद. मे महिन्याचं मात्र काही करता येत नाही. माइकसाठी खोलीचा पंखा बंद, लॅपटॉप तापतो, आणि तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. आता टेक सकाळीच घेतो.

६० दिवस कुठलंही कुलूप नसलेली चाचणी मिळते, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलर. विनॅम्पवाल्या जस्टिन फ्रँकेलचंच हे अपत्य, त्यामुळे रूपाची अपेक्षा ठेवू नका. सेटिंगची खिडकी म्हणजे जंगल आहे. सोबत इक्वलायझर, कॉम्प्रेसर उत्तम आणि हलके मिळतात, पण वाद्यं जवळपास नाहीतच. तयार लूप आणि ध्वनींवर काम करणाऱ्यांनी दुसरीकडे पाहावं.

फ्रीझची एक कटकट उरतेच. सगळं गोठवून तयार असताना गायिका म्हणते, “आज काळी पाच नको, पांढरी सहा घेऊया का?” मग तानपुरा, बेस, स्ट्रिंग्ज एकेक करून अनफ्रीझ, पट्टी बदल, पुन्हा फ्रीझ. तेवढ्यात चहा होतो.