‘ट्रायल’च्या नावाखाली ४५ हजार: कंबरदुखीच्या रुग्णांनी पैसे देण्याआधी हे वाचावं

भंडाऱ्याचे एक निवृत्त एसटी चालक. कंबर आणि डावा पाय दोन वर्षांपासून दुखतोय. त्यांना फोन आला: ‘काका, नव्या औषधाच्या ट्रायलसाठी तुमची निवड झाली. दोन लाखांचं स्टेम सेलचं इंजेक्शन ४५ हजारांत. दोनच जागा उरल्यात, आज बुकिंग करा.’ नागपुरातल्या दवाखान्यात त्यांचा एमआरआय दाखवून ‘डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) वाळली आहे, वर्षभरात पाय लुळा पडेल’ असं सांगितलं. एका पानाच्या इंग्रजी कागदावर सही घेतली. दंडातून रक्त काढलं, छोट्या यंत्रात फिरवलं आणि शेजारच्या खोलीत कंबरेत सुई दिली. तीन आठवडे बरं वाटलं. मग दुखणं जसंच्या तसं, रक्तातली साखर मात्र तीनशेच्या वर. फोन बंद.

यातला जवळजवळ प्रत्येक तपशील संशयास्पद आहे. दंडाचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव मिळतो, म्हणजे पीआरपी. त्याला स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी, म्हणत नाहीत. त्या पेशी मिळवायला कमरेच्या हाडातला मगज किंवा चरबी काढावी लागते, पुढे प्रयोगशाळेचं काम असतं. मणक्याजवळ सुई नेमकी जायला सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रे, हवा. इथे तो नव्हता. आणि काही आठवड्यांचा आराम व चढलेली साखर एकत्र दिसली, तर सुईत स्टेरॉइड होतं ही शंका आधी घ्यावी. हेच स्टेरॉइड पुढे आडवं येतं: अलीकडे असं इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाला खऱ्या ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीत, बरेचदा घेत नाहीत.

पैशांचं आधी. आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठीच्या तपासण्या, औषध, इंजेक्शन यांचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घेता येत नाही. नेहमीच्या उपचारांचा खर्च वेगळा. उलट येण्याजाण्याचं भाडं मिळू शकतं, तेही एथिक्स कमिटीने (संशोधनात सहभागींचं हित जपणारी समिती) मान्य केलेलं. रक्ताचे आणि काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच वापरायच्या, असं २०१७च्याच स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणून ‘सवलतीत ट्रायल’ हे शब्द ऐकले की फोन ठेवावा.

मग सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलची नोंदवही. २००९पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. नंबर मागून घ्या. त्यात ‘सीटीआरआय’, वर्ष, महिना आणि शेवटी सहा अंक असतात. पण नंबर खरा आहे एवढ्यावर विसंबू नका, कारण दुसऱ्याच ट्रायलचा नंबर छापून देणं सोपं आहे. नोंद उघडून आजार कंबरदुखीचाच आहे का ते बघा. ‘साइट्स ऑफ स्टडी’च्या, म्हणजे ट्रायल चालते त्या ठिकाणांच्या, यादीत नागपूर, तोच दवाखाना आणि तेच डॉक्टर हवेत. ‘रिक्रुटमेंट स्टेटस’ बंद किंवा पूर्ण असेल तर भरती कसली? नव्या औषधासाठी डीसीजीआयची, म्हणजे देशाच्या औषध नियंत्रकांची, मंजुरी मिळाल्याचं दिसायला हवं. आणि नोंदणी म्हणजे सरकारने उपचाराला दिलेलं प्रमाणपत्र नव्हे, हेही लक्षात असू द्या.

संमतिपत्र एका पानात मावत नाही. ते मराठीत मिळालं पाहिजे, घरी नेऊन वाचायला वेळ दिला पाहिजे आणि सहीनंतर एक प्रत रुग्णाच्या हातात पडली पाहिजे. त्यात मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा संपर्क, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, कधीही बाहेर पडण्याचा हक्क, आणि नॉमिनीचं नाव हे सगळं असतं. कमिटीत किमान ७ सदस्य लागतात आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा लागतो. नावं विचारायला संकोचू नका.

निवडही बघा. खऱ्या ट्रायलमध्ये दुखणं किती महिन्यांचं, दहापैकी किती तीव्र, साखर आटोक्यात आहे का, आधी शस्त्रक्रिया झाली का, हे तपासून अनेकांना परत पाठवतात. फोनवरच ‘निवड झाली’ असं कुणी म्हणत नाही, आणि गुण येईलच अशी खात्रीही देत नाही. कंबरदुखी सर्वांत जास्त असते तेव्हाच माणूस इलाजाला धावतो. त्यानंतर ती बरेचदा आपोआप उतरते. म्हणूनच तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोटं किंवा जुनं औषध देतात. एकदा दिसलेला फायदाही पुन्हा तपासावा लागतो. डेन्मार्कमध्ये २०१३मध्ये प्रतिजैविकांनी (अँटिबायोटिक) जुनाट कंबरदुखी कमी होते असं दिसलं होतं; नॉर्वेत १८० रुग्णांवर पुन्हा तपासलं तेव्हा, २०१९मध्ये, म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही. टॅनेझुमॅब या औषधाने दुखणं कमी व्हायचं, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले आणि २०२१मध्ये कंपन्यांनी काम थांबवलं.

‘डिस्क वाळली’ या भीतीबद्दलही सांगायला हवं. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसते. एवढ्या शब्दावर पाय लुळा पडत नाही. पण लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाय उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स गाठा. सुई घेतल्यावर दुखणं रोज वाढत असेल, ताप नसला तरी, डिस्कमध्ये जंतुसंसर्ग झालेला असू शकतो; ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि गरज पडल्यास एमआरआय करून घ्या.

फसला असाल तर पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, जाहिरात आणि शक्य झाल्यास कुपीच्या लेबलचा फोटो सांभाळा. कागदपत्रं लेखी अर्ज करून मागा. डॉक्टरांनी ७२ तासांत ती द्यायची असतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण होतं. डॉक्टरांविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, परवानगीशिवाय ट्रायल चालवल्याची सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे. पैसे मोजून सेवा घेतली असल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.