एसएसबीचा क्लास: ग्राउंड उत्तम, शेरे मात्र पारखून घ्या

एसएसबीसाठी, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डासाठी, क्लास लावू का, असं विचारणाऱ्या मुलींसाठी लिहितेय. पुण्यातल्या ज्या क्लासला मी गेले त्याचं नाव देत नाही, पण तिथलं अडथळ्यांच्या सरावाचं ग्राउंड खरोखर छान आहे. फळ्या, बल्ल्या, दोर, लाल भागाला कुणीच स्पर्श करायचा नाही हा नियम, सगळं बोर्डात असतं तसं. शिकवणारे निवृत्त अधिकारी जीव ओतून शिकवतात. लेक्चरेटची (दिलेल्या विषयावर गटासमोर करायच्या छोट्या भाषणाची) धास्ती माझी तिथेच गेली.

माझा आक्षेप फीडबॅकच्या कागदावर आहे. कमांड टास्कमध्ये उमेदवार कमांडर होऊन, मदतीला घेतलेल्या सबॉर्डिनेटकडून अडथळा पार करून घेतो. त्यात सबॉर्डिनेटने सुचवलेला मार्ग मी नाकारला, त्याला फळीच्या मागच्या टोकावर उभं केलं आणि पुढच्या टोकावरून लोड (न्यायचं ओझं) पलीकडे नेला. माझ्याआधी एका मुलाने नेमकं हेच केलं होतं. त्याला शेरा मिळाला 'ठाम'. मला 'हट्टी, इतरांचं ऐकत नाही'. रात्री रूमवर सगळ्यांचे कागद शेजारी ठेवले, तर 'समजूतदार', 'सांभाळून घेते' हे मुलींच्या वाट्याला आणि 'नियोजन चांगलं' मुलांच्या.

हे आमच्याच क्लासपुरतं नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या ८१,००० मूल्यमापनांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. गुण, फिटनेस यांत मुलगे-मुली सारखेच होते, तरी उणिवा दाखवणारे शब्द मुलींना जास्त मिळाले होते. कौतुकातही मुलांसाठी सर्वाधिक वापरलेला शब्द 'विश्लेषक', मुलींसाठी 'कनवाळू'.

बोर्डात निदान मानसशास्त्रज्ञ, जीटीओ (ग्राउंडवरचे गट-टास्क घेणारे अधिकारी) आणि मुलाखत घेणारे अधिकारी वेगवेगळं जोखतात, मग कॉन्फरन्सला, म्हणजे शेवटच्या निर्णयाच्या बैठकीला, एकत्र बसतात. क्लासमध्ये एकाच सरांची नजर. 'हट्टी' वाचून माझी रूममेट पुढच्या टास्कला प्रत्येक पावलावर "असं करूया का?" विचारत राहिली आणि तिची वेळ संपली. मला याचा फार राग आला. हुशार मुलगी बोर्डात जाण्याआधीच दबकी झाली तर क्लास कशासाठी?

मी माझा आणि त्या 'ठाम' मुलाचा, दोन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचले आणि माझा शेरा खोडून लिहिलं: 'सबॉर्डिनेटचा मार्ग का चालणार नाही, ते सांगितलं नाही.' हे मला सुधारता आलं.

ग्राउंडसाठी क्लास जरूर लावा. फी भरण्याआधी फीडबॅकचा नमुना मागून बघा, आणि विशेषण आलं की तिथल्या तिथे विचारा, "सर, मी नेमकं काय केलं?"