जुळणी तुमची, म्हणून दोषही तुमचाच: आरसी बग्गीच्या किटमध्ये झालेली फसवणूक

आरसी बग्गीचं, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या रेसिंग गाडीचं, सुट्या भागांचं किट विकून फसवणाऱ्याला एक सोय आयतीच मिळते. मोबाईल खराब निघाला तर विकणारा फार तर "तुमच्या हातून पडला असेल" म्हणेल. किटचं तसं नाही. गाडी जोडणारे आपण. डिफमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) तेल आपण भरलेलं, पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आपण बसवलेलं, शॉक आपण जोडलेले. त्यामुळे पहिली तक्रार केली की उत्तर तयार असतं: "सर, किट एकदम ओके होतं, जुळणी चुकली तुमची." मला हेच उत्तर मिळालं आणि माझ्यासारख्या आणखी काही जणांनाही मिळालंय. पहिला स्क्रू आवळण्याआधी काय बघायचं आणि पुरावा कसा धरायचा, हे आपल्या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

जाहिरात १/८ स्केलच्या इलेक्ट्रिक बग्गीची होती. "नवं किट, फक्त खोका उघडलाय, एकही भाग जोडलेला नाही. सोबत ब्रशलेस मोटर, ईएससी आणि ४एस ५००० एमएएच १००सी लायपो." ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी; ४एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले चार सेल, एमएएच ही क्षमता आणि सी हा करंट देण्याची ताकद सांगणारा आकडा. सगळं मिळून ५२,००० रुपये. अर्धे आधी, उरलेले पार्सल निघताना, दोन्ही यूपीआयवर. आपल्याकडे या छंदातला निम्मा व्यवहार असाच चालतो. किट येतात जपान, तैवान, अमेरिकेतून, वर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर. बॅटरीचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०१६ पासून सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून कार्गो म्हणून नेताच येत नाही, मालवाहू विमानातही ती जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज असलेली लागते. त्यामुळे देशातच कुणाकडे 'स्टॉक' आहे म्हटलं की माणसं धावतात, आणि या टंचाईवरच असे लोक पोसले जातात.

विकणारा माणूस जाणकार होता, हे मुद्दाम सांगतो. फोनवर त्याने पुढच्या डिफमध्ये ७,००० आणि मागच्यात ३,००० सीएसटीचं (तेलाच्या घट्टपणाचं माप) सिलिकॉन तेल भरा म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. फसवणारा अडाणीच असेल असं कुणी धरून चालू नये. त्याला सगळं कळत असतं, म्हणूनच कुठला भाग पुसून नवा दिसेल आणि कुठला दिसणार नाही हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

पार्सल आलं तेव्हा माझा भाचा सोबत होता. खोका फोडण्यापासून सगळं त्याने मोबाईलवर चित्रित केलं, न थांबवता. पुढे हाच व्हिडिओ कामाला आला. पिशव्यांवर अक्षरं होती, पुस्तिकेतल्या क्रमाने लावलेल्याही होत्या. पण कारखान्याच्या सीलची पट्टी रुंद आणि दातेरी असते. इथे त्या पट्टीखाली पिशवी कापून, वर एक बारीक सपाट रेघ ओढून पुन्हा चिकटवलेली होती. फरसाणाच्या पाकिटाला दुकानात मारतात तशी.

पुढचं भिंगाखाली दिसलं. नव्या किटचे स्क्रू कोरडे असतात, थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणूनचा गोंद) आपण लावायचं असतं. इथे चेसिसच्या काही स्क्रूंच्या आट्यांमध्ये निळ्या थ्रेडलॉकचा वाळलेला चुरा अडकला होता. डिफचं घर बाहेरून चकचकीत, पण गॅस्केटच्या खाचेत तेलाचा पातळ थर होता आणि आतल्या क्रॉसपिनवर बेव्हल गिअर फिरून पडलेली खाच नखाला लागत होती. डिफमधून बाहेर येणाऱ्या आउटड्राइव्हच्या कपांमध्ये डॉगबोनच्या (चाकापर्यंत जाणारी फिरती दांडी) पिनांनी पाडलेले खड्डे. भाचा एकेक बेअरिंग सुईने उघडून बघत होता, ८ बाय १६ बाय ५ ची साधी बेअरिंगं. एकाची पत्र्याची झाकणी निघाली तशी आतून लाल माती निघाली. "मामा, ही गाडी तर पळालेली आहे," तो म्हणाला. आमच्याकडे ट्रॅकवर पांढरट मुरूम असतो. अशी लाल माती आमच्याकडची नव्हेच.

म्हणजे कुणीतरी एक हंगामभर पळवलेली गाडी सुटी करून, धुऊन, पॉलिश मारून, पिशव्यांत भरून 'नवं किट' म्हणून विकली होती. जुनी गाडी विकणं हा काही गुन्हा नव्हे. मी स्वतः जुन्या गाड्या घेतल्यात आणि आनंदाने पळवल्यात. जुनी म्हणून, जुन्या किमतीला विकली असती तर माझी काहीच तक्रार नसती.

फोन केला. उत्तर आलं: "सर, कंपनी प्रत्येक किट एकदा जोडून चेक करते, मग सुटं करून पॅक करते." हे धादांत खोटं आहे. किट म्हणजे न जोडलेले भाग, काही कंपन्या फार तर एखादा उपभाग आधी जोडून देतात. आणि कारखान्यात तपासलेल्या गाडीच्या बेअरिंगमध्ये लाल माती कुठून येणार? मी फोटो पाठवले. त्यावर, "तुम्ही आधी गाडी पूर्ण जोडा, पळवा, मग बोलू." त्याला हेच हवं असतं. गाडी एकदा जोडून पळवली की झीज कुणाची हे सिद्ध करणं अवघड होतं.

म्हणून आम्ही उलट केलं. प्रत्येक झिजलेल्या भागाचा मोजपट्टीसह फोटो काढला, तारीख घातली, सगळं त्याला व्हॉट्सॲपवर लेखी पाठवलं आणि ते भाग वेगळ्या डब्यात बाजूला ठेवले. क्रॉसपिन, आउटड्राइव्ह आणि बेअरिंगं नवीन आणली. त्यानंतरच गाडी जोडली. आता गाडीत काही बिघडलं तर ते या भागांमुळे नाही, एवढं नक्की झालं.

बॅटरीचा घोटाळा तर ट्रॅकवर जाण्याआधीच वजनकाट्यावर उघड झाला. हा हिशोब प्रत्येकाने शिकून घ्यावा, कारण लेबल बदलता येतं, वजनाचं तसं करता येत नाही. ४एस म्हणजे १४.८ व्होल्ट, गुणिले ५ अँपिअर-तास, म्हणजे ७४ वॅट-तास. लायपोच्या पाऊच सेलमध्ये किलोमागे साधारण १५० ते १८० वॅट-तास मावतात. म्हणजे नुसते सेलच ४०० ग्रॅमच्या वर हवेत. त्यात कडक प्लास्टिकची केस, जाड वायरी, कनेक्टर. चांगला पॅक ५०० ग्रॅमच्या आसपास भरतो. आमच्या हातातला ३४२ ग्रॅम भरला.

१००सी चंही तसंच. ५ अँपिअर-तास गुणिले १०० म्हणजे ५०० अँपिअर. १४.८ व्होल्टला ते ७,४०० वॅट होतात, जवळजवळ दहा हॉर्सपॉवर. आणि त्या पॅकला कनेक्टर कुठला होता? एक्सटी९०, जो साधारण ९० अँपिअरसाठी बनवलाय. नावाजलेल्या कंपन्याही सी-रेटिंग फुगवून छापतात, हे आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्या आकड्यावरून मी भांडलो नाही. क्षमतेचं मात्र वेगळं आहे, ती मोजता येते. पॅक सेलमागे ३.३ व्होल्टपर्यंत उतरवून चार्जरवर ४.२ पर्यंत भरला आणि चार्जरने आत किती एमएएच घातले ते वाचलं. आकडा २,६०० च्या थोडा वर जाऊन थांबला. छोट्या चार्जरवर डिस्चार्ज करून मोजायला जाऊ नका, त्यांची डिस्चार्जची ताकद जेमतेम ५ वॅट असते आणि रात्र निघून जाते. भरताना मोजलेला आकडा पुरेसा बोलका असतो.

हे सगळं त्याला पाठवलं. "सर, तुमचा चार्जर कॅलिब्रेट नाही. ट्रॅकवर चालवा, फरक कळेल."

आमचा ट्रॅक एका मित्राच्या शेताच्या कडेला आहे. मुरूम टाकून, पाणी मारून, हाताने रोलर फिरवून केलेला. एक टेबलटॉप, एक डबल जंप, वळणांना ड्रेनेजचे उभे कापलेले पाइप. त्या सकाळी माती दमट होती, पकड चांगली. पिनियन आणि स्परमध्ये (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं गिअर) कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दोन्हींच्या दात्यांमधली फट, बसवली होती, पट्टी चिरडल्यावाचून कुरकुरत बाहेर येत होती. ईएससीचं कटऑफ (व्होल्टेज ज्याखाली गेलं की मोटर बंद होते ती मर्यादा) सेलमागे ३.२ व्होल्टवर ठेवलं होतं.

पहिल्या काही फेऱ्या गाडी छान पळाली, हे कबूल करायला हवं. मागचं ड्रूप (चाक खाली किती लोंबेल ते माप) थोडं जास्त वाटलं म्हणून एक वळसा कमी केला, त्यानंतर डबल जंपवर नाक सरळ राहायला लागलं. मग सरळ पट्ट्यावर ट्रिगर पूर्ण दाबला की गाडी अडखळायला लागली. सहावं मिनिट पुरं व्हायच्या आत कटऑफ आलं. पॅक हातात धरवत नव्हता, इन्फ्रारेड थर्मामीटरवर ६३ अंश. लायपो ६० च्या वर जाणं धोक्याचंच. केसच्या एका बाजूला फुगवटा आला होता, टेबलावर ठेवला की डुलत होता.

फोन केला तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं: "मेश टाईट बसवलीय तुम्ही, मोटर जास्त करंट खेचतेय. जुळणी चुकली."

अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच गाडीत, तीच मेश, तेच पिनियन, तेच टायर ठेवून मित्राचा चांगला पॅक लावला. त्यावरही ५००० एमएएचच छापलेलं, वजन ५३० ग्रॅम. गाडी तेरा मिनिटं पळाली. मोटरचं तापमान ७१ अंश, म्हणजे साध्या निओडायमियम चुंबकांना जिथून धोका सुरू होतो त्या ८० च्या बऱ्यापैकी खाली. मेश टाईट असती तर मोटर याही पॅकवर तापली असती. दोन्ही वेळचं घड्याळ, थर्मामीटर आणि वजनकाटा एकाच व्हिडिओत आले. किटच्या फसवणुकीत याच्याइतका भक्कम पुरावा मला दुसरा दिसत नाही: गाडी तीच ठेवा, संशयित भाग एकटाच बदला. मोटर असो, ईएससी असो, सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) असो, पद्धत तीच. 'जुळणी चुकली' हे उत्तर त्यापुढे टिकत नाही.

तो फुगलेला पॅक बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने पूर्ण उतरवून, उघड्यावर, वाळूची बादली शेजारी ठेवून उघडला. घरी हे कुणीही करू नये. आत चार आखूड पाऊच सेल आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या फोमची चौकोनी वडी. पाऊचवर कंपनीनेच छापलेला आकडा स्पष्ट वाचता येत होता: २६००.

पुढची लढाई कागदांची आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. मीही टाकली. पोलिसांनी अर्ज घेतला, पण वस्तू मिळाली आहे म्हणजे हा ग्राहकाचा वाद आहे असं सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि व्यवहार ५ लाखांच्या आतला असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आधी सल्ल्यासाठी चांगला आहे.

यात एक पळवाट विकणारा शोधतोय. "मी दुकानदार नाही, माझी स्वतःची गाडी विकली, मला ग्राहक कायदा लागू नाही." म्हणून त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट जमवले. वेगवेगळ्या गाड्या, पण पार्श्वभूमीला तीच निळी फरशी आणि मजकुरातही तोच "फक्त खोका उघडलाय". सतत माल विकणारा माणूस व्यापारीच, असं आम्ही आयोगापुढे मांडलंय. नोटीस गेल्यावर त्याने ४,००० रुपये परत देतो, तक्रार मागे घ्या, असा निरोप पाठवला. घेतले नाहीत. प्रकरण चालू आहे. त्याच्याकडून माल घेतलेल्यांनी आपापले झिजलेले भाग फेकू नयेत, फोटो काढून जपून ठेवावेत.

आणि पैशांपेक्षा तातडीची गोष्ट बॅटरीची. अशी लायपो कुणी घेतली असेल तर ती आजच काट्यावर ठेवा. ४एस ५००० चा पॅक ४०० ग्रॅमच्या खाली भरला तर तो चार्जरला लावूच नका. लेबलावर ५००० वाचून आपण चार्जर १सी (साधारण तासाभरात भरेल इतका करंट) म्हणून ५ अँपिअरवर लावतो. आत सेल २६०० चे असतील तर तोच करंट त्यांच्यासाठी जवळजवळ २सी होतो, आणि बहुतेक घरांत चार्जर असतो मुलांच्या खोलीत नाहीतर हॉलमध्ये. फुगलेला असेल तर तो घराबाहेर, वाळू भरलेल्या मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि कचऱ्याच्या गाडीत न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या. देण्याआधी वजनाचा आणि लेबलाचा फोटो मात्र काढून ठेवा, आयोगात तोच लागणार आहे.