बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट?

थारसारख्या गाडीला मोठे टायर बसवायचेत आणि वळताना ते फेंडरला घासतात, एवढीच अडचण असेल तर १ ते २ इंचांची बॉडी लिफ्ट पुरते. म्हणजे चेसिस (खालचा सांगाडा) आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉन किंवा ॲल्युमिनियमचे स्पेसर (ठोकळे) आणि तेवढेच लांब बोल्ट. स्प्रिंग जागच्या जागी, त्यामुळे चाल बदलत नाही. पण डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) तसूभरही वर जात नाही. ते फक्त मोठ्या टायरने उचललं जातं.

किट स्वस्त, पण कटकट बसवताना. आदल्या दिवशी बॉडीच्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारा. नाहीतर आतला वेल्ड केलेला नट सुटून फिरत बसतो आणि फरशीचा पत्रा कापावा लागतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, सगळे बोल्ट ढिले करा, मग बॉडीची एकेक बाजू लाकडी फळीवर जॅक लावून उचला. स्टिअरिंग शाफ्ट, रेडिएटरचे होज, डिझेल भरायची नळी, अर्थिंगची पट्टी ताणली जात नाही ना, बघत राहा. रेडिएटर बॉडीवर असेल तर तो वर जातो आणि पंखा श्राउडला (त्याच्याभोवतीच्या कव्हरला) घासतो. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

ताम्हिणी-मुळशीकडच्या चिखलात, दगडांत चेसिसच टेकत असेल तर सस्पेन्शन लिफ्टच, म्हणजे स्प्रिंगकडून चेसिससकट गाडी उचलणं. खर्च जास्त, चाकांची अलाइनमेंट आलीच. २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आहे. जास्त उचललीत तर सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन बिघडून त्यावरचे रबरी बूट फाटतात.

दोन्हींत मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबाबतचं कलम ५२ आडवं येतं, आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी विचारा.